विमानप्रवासात कॅमेऱ्याचा फिल्म रोल धूसर होण्यापासून वाचवण्याची माझी पद्धत

विमानप्रवासानंतर धुतलेल्या (म्हणजे डेव्हलप केलेल्या) निगेटिव्ह धूसर यायच्या. फोटोत सावल्यांचा काळा रंग राखाडी, वर दाणे. ठाण्यात नौपाड्यातल्या लॅबवाल्या काकांनी काचेवर निगेटिव्ह धरून विचारलं, "रोल विमानतळाच्या एक्स-रे मशीनमधून गेला होता का रे?"

तिथून सगळं बदललं. न धुतलेला रोल, फोटो काढलेला असो वा कोरा, चेक-इन बॅगेत कधीच नाही. तिथलं स्कॅनिंग सगळ्यात जोरदार. हातातल्या बॅगेच्या जुन्या एक्स-रेमधून ४०० आयएसओपर्यंतचा (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील त्याचा आकडा) रोल एखाद-दोनदा सहसा निभावतो, पण मारा साचत जातो. नव्या सीटी स्कॅनरचं मात्र काही खरं नाही. कोडॅकही सांगतं, फिल्म त्यातून नेऊ नका.

आता रोल खोक्यांतून काढून पारदर्शक झिप पिशवीत, बॅगेच्या अगदी वर. कॅमेऱ्यातला रोल घरीच संपवून काढतो. विमानतळावर लवकर पोचतो (घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकचा भरवसा कुणी द्यावा!) आणि ट्रे सरकायच्या आधीच म्हणतो, "साहेब, न धुतलेली फिल्म आहे, हाताने तपासाल का?" इल्फर्ड डेल्टा ३२०० या जास्त आयएसओच्या फिल्मचा एक रोल सगळ्यांत वर ठेवतो, मोठा आकडा दिसला की पटवणं सोपं जातं. तरी नाही म्हटलं तर वाद घालत नाही, हक्काची गोष्ट नाही ती.

एक्स-रे अडवायला मिळणाऱ्या शिशाच्या पिशवीवर पैसे घालवू नका. पडद्यावर काळा ठोकळा दिसला की बॅग पुन्हा मशीनमध्ये जाते. लांबच्या प्रवासात तिथल्याच लॅबमध्ये रोल धुऊन घ्यावा. धुतलेल्या निगेटिव्हला एक्स-रे काही करत नाही.