ड्वार्फ सिक्लिडसाठी सोबती निवडताना या चुका टाळा

अपिस्टो (अपिस्टोग्रामा), रॅम किंवा क्रिबेन्सिस, म्हणजे तळाशी हद्द राखणारे लहान सिक्लिड मासे, घ्यायला निघालेला माणूस सगळ्यात आधी विचारतो, "हा किती मोठा होतो?" सात-आठ सेंटिमीटर ऐकलं की त्याचं समाधान होतं आणि तो मासा असेल त्या गर्दीत सोडला जातो. दोन महिने सगळं छान चालतं, कारण आणलेले मासे कोवळे असतात आणि त्यांना राखायला अजून काही नसतं. मग जोडी जमते, अंडी पडतात आणि दुसऱ्या दिवसापासून मला फोटो यायला लागतात: फाटलेले पर, कोपऱ्यात गोळा झालेले मासे, "अचानक काय झालं?"

अचानक काहीच झालेलं नसतं. सोबती आजच्या दिवसासाठी निवडले होते, ते जोडी अंडी घालेल त्या दिवसासाठी निवडायला हवे होते. आकाराच्या आधी तीन गोष्टी विचारा: हा मासा टँकच्या कुठल्या थरात राहतो, त्याला किती तापमान लागतं आणि सिक्लिडनं हुसकावल्यावर तो तिथून खरंच निघून जातो का?

तळात गर्दी करणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं. "कोरी तर सगळ्यांसोबत चालतात" हे वाक्य ऐकून ऐकून मी कंटाळले आहे. कोरी म्हणजे कोरीडोरास, तळाशी अन्न हुंगत फिरणारा गरीब मासा आहे, कुणाला त्रास देत नाही, हे खरंच. पण त्याला स्वतःची हद्द नसते, त्यामुळे दुसऱ्याची हद्दही त्याला कळत नाही. टेट्राला, म्हणजे थव्यानं पोहणाऱ्या छोट्या माशाला, सिक्लिडनं एकदा पर फुलवून दाखवले की तो समजतो आणि वर निघून जातो. कोरीच्या अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असतं. धडक बसली तर तो दोन बोटं सरकतो आणि वाळू हुंगत परत तिथेच येतो. चिलखत डोळ्यांवर मात्र नसतं.

ओळखीतल्या एकाचा 60 सेंटिमीटरचा टँक होता. त्यात अपिस्टोग्रामा काकाटुओइडीसची जोडी, सहा ब्राँझ कोरी आणि वर थोडे टेट्रा. कोरींना डोळ्यांचा रोग झालाय म्हणून त्यानं दोनदा औषध टाकलं होतं, फरक पडला नाही म्हणून मला बोलावलं. मी टँकसमोर खाली बसून नुसती पाहत राहिले. मादी लिंबासारखी पिवळीधमक झालेली, अंगावर काळ्या खुणा ठळक, गुहा म्हणून ठेवलेल्या नारळाच्या करवंटीच्या तोंडाशी उभी. अपिस्टोची मादी अशी पिवळी झाली की तिच्याजवळ अंडी किंवा पिल्लं आहेत असं समजायचं. पाच कोरी हीटरच्या मागे एकावर एक चढून बसलेले. सहावा नाक वाळूत खुपसून करवंटीच्या दिशेनं निघाला. मादी सुटली ती थेट त्याच्या तोंडावर. तो जरासा वळला, थांबला आणि त्याच वाटेनं परत निघाला. पुन्हा धडक. एवढं पाहिल्यावर औषधाची बाटली बाजूला ठेवायला सांगितली. दोन कोरींचा एकेक डोळा गेलेला होता.

त्याची दुसरी तक्रार होती की अंडी रात्रीत गायब होतात. तेही याच कारणानं. अंधारात सिक्लिडला नीट दिसत नाही, कोरी मात्र मिशांनी चाचपत अन्न शोधतात आणि अंडी त्यांना आयतीच मिळतात. म्हणजे दिवसा कोरी मार खातात आणि रात्री जोडीची अंडी जातात. एकमेकांचं वाटोळं करणारे हे दोन्ही मासे स्वभावानं अगदी सरळ आहेत. चूक त्यांना एकाच तळावर बसवणाऱ्याची.

कोरी दुसऱ्या टँकमध्ये हलवले आणि त्यांच्या जागी वरच्या थरात राहणारे पेन्सिलफिश आले. पुढच्या खेपेला मादी पिल्लं घेऊन टँकभर फिरत होती.

माझा नियम ठरलेला आहे: टँक 90 सेंटिमीटरपेक्षा लहान आणि त्यात अंडी घालणारी जोडी असेल, तर तळाचा दुसरा मासा नाही. कोरी नाही, कूली लोच नाही. 120 सेंटिमीटरच्या टँकमध्ये लाकूड आणि दगड लावून तळाचे दोन भाग पाडता येतात, तिथे कोरी ठेवायला माझी हरकत नसते. कोरी सोडवतच नसतील तर अपिस्टोचा एकटा नर ठेवा. मादी नसली की राखायला अंडी नसतात आणि तो बराच निवळलेला राहतो. ओटोसिंक्लसचं वेगळं आहे. ते बहुतेक वेळ पानांवर आणि काचेवर चिकटलेले असतात, पण त्यांना जुना, शेवाळ धरलेला टँक लागतो.

"26 वर ठेवतो, दोघांना चालेल"

चालत नाही. रॅम आणि निऑन टेट्रा ही जोडी सगळीकडे दिसते आणि दिसायला सुंदरही असते. पण रॅम मूळचा व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्याच्या गवताळ मैदानांतला, उन्हानं तापलेल्या उथळ पाण्यातला. त्याला 27 ते 30 अंश हवेत. निऑन ॲमेझॉनच्या वरच्या भागातल्या नद्यांचा, तो 21 ते 25 मध्ये खूश असतो. मधला आकडा काढला की रॅमला थोडी थंडी, निऑनला थोडा उकाडा, आणि दोघंही कायम कुरकुरत जगतात. रॅम रंग टाकतो, खाणं कमी करतो, पहिल्या आजारात जातो. निऑन झिजत झिजत एकेक कमी होतात. काही दिवसांत मरत नाहीत म्हणून लोकांना वाटतं, जमलं. कित्येक महिने तग धरणं आणि नीट जगणं यातला फरक दिसायला माशांकडे रोज पाहावं लागतं, आणि घाईवाल्यांना नेमकं तेच नको असतं.

रॅमसोबत टेट्रा हवाच असेल तर कार्डिनल घ्या. तो रिओ निग्रो आणि ओरिनोकोच्या बाजूचा, 28 अंश त्याला सहज मानवतात. निऑन आणि कार्डिनल ओळखणं सोपं आहे: निऑनचा लाल पट्टा पोटाच्या मध्यापासून मागे असतो, कार्डिनलचा लाल रंग डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग जातो. घेताना स्वतः बघा, पाटीवर जाऊ नका. रमीनोज टेट्राही छान, मात्र पाणी स्वच्छ आणि स्थिर लागतं. मोठ्या टँकमध्ये तळाला कोरी ठेवायचे झाले तर स्टर्बाय ही उष्णता सोसणारी जात आहे.

आणि घर थंड असेल, हीटर चढवायचा नसेल, तर या रॅमचा, म्हणजे निळ्या रॅमचा, हट्टच सोडा. बोलिव्हियन रॅम 24-25 वर उत्तम राहतो, अंगानं दणकट असतो आणि नवख्या माणसाच्या हातून सहसा दगावत नाही. रंग कमी म्हणून लोक त्याला बाजूला सारतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं. हा मासा वर्षभर सांभाळला की त्याची चाल आणि पोटाखालच्या परांची लाल कड पाहून लोक त्याच्याबद्दल विचारायला लागतात.

दोन जातींचे ड्वार्फ एकत्र

60 सेंटिमीटरच्या टँकमध्ये रॅमची जोडी आणि अपिस्टोची जोडी, ही मागणी तर नेहमीची. दोघांनाही तळच हवा, आणि तळ तेवढाच. शिवाय रॅमसाठी पाणी 29 वर नेलं की अपिस्टोला ते जास्त होतं. बऱ्याच अपिस्टो जातींमध्ये पिल्लं लहान असताना पाणी जितकं गरम, तितके नर जास्त निघतात. पिल्लं वाढवून पाहिली आणि सगळे नरच निघाले, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचा थर्मामीटर मी आधी बघते. अपिस्टोच्या दोन जातीही एकत्र नकोत. माद्या इतक्या सारख्या दिसतात की कोण कुणाची हे कळत नाही, आणि संकर झाला तर त्या पिल्लांचं पुढे काय करायचं हा प्रश्न उरतोच.

रंगीत म्हणून दोन नर उचलणं ही याचीच बहीण. लहान टँकमध्ये एक नर, एक मादी. 90 च्या वर अपिस्टोचा एक नर आणि दोन-तीन माद्या, प्रत्येक मादीला आपली करवंटी, आणि वर एखादी जास्तीची. मग डोळे माशाच्या उंचीवर नेऊन बघा. एका करवंटीच्या तोंडातून दुसरी दिसत असेल तर मध्ये लाकूड किंवा झाड लावा.

झटपट सांगण्यासारख्या चुका

टायगर बार्ब: नको. तो पर कुरतडतो आणि सिक्लिडला जेवू देत नाही.

गप्पी, मोली, प्लॅटी: यांना जड, अल्कधर्मी पाणी लागतं. रॅम आणि बहुतेक अपिस्टो मऊ, किंचित आम्ल पाण्यातले. शिवाय गप्पीची शेपटी सिक्लिडला फार वेळ बघवत नाही.

एंजल: लहानपणी गोड दिसतो. मोठा झाला की पिल्लं गिळतो आणि स्वतः जोडी जमवली की अर्धा टँक अडवतो.

बेटा: ठेवू नका, एवढंच.

साधा सकर फिश: 30 सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि रात्री गुहेत घुसतो. चायनीज अल्गी ईटर त्याहून वाईट, मोठा झाला की शेवाळ सोडून इतर माशांच्या अंगाला चिकटतो.

चेरी कोळंबी: मोठ्या वाचल्या तरी पिल्लं अपिस्टोच्या पोटात जातात. दाट मॉस (पाण्यातलं बारीक पानांचं झुडूप) असेल तर थोडी टिकतात. त्यांच्यावर जीव असेल तर वेगळा टँक करा.

नुसतं "सिक्लिड" लिहिलेले पिवळे-निळे मासे: ते बहुधा मलावी सरोवरातले असतात. त्यांचं पाणी वेगळं, स्वभाव वेगळा. टांगानिकाचे शंखात राहणारे सिक्लिडही आकारानं ड्वार्फच, पण त्यांना पीएच 8 च्या वर लागतो. रॅमशेजारी त्यांची जागा नाही.

वरचा थर रिकामा ठेवणं

ही उलट बाजूची चूक. भांडणाला घाबरून काही जण अपिस्टोची जोडी अगदी एकटी ठेवतात आणि मग मासे दिवसभर लपून बसतात. वर शांतपणे फिरणारा थवा असला की खालच्या माशाला कळतं, धोका नाही, आणि तो बाहेर येतो. या सोबत्यांना डिदर फिश म्हणतात. माझी पहिली पसंती पेन्सिलफिशला. वरच्या थरात राहतो, तोंड इवलंसं, चाल संथ. हॅचेटफिशही सुरेख, पण झाकण घट्ट हवं, तो उडी मारतो. कुठलाही घेतला तरी आठ-दहांचा थवा घ्या. दोन-तीन घेतले तर तेच बिचारे घाबरून असतात, सिक्लिडला काय धीर देणार?

घाई

आधी सिक्लिड, मग "पगार झाला की टेट्रा" हा क्रम उलटा आहे. सिक्लिडनं तळ वाटून घेतल्यावर आलेला प्रत्येक मासा त्याच्या लेखी घुसखोर असतो. थवा आधी सोडा, टँक मुरू द्या, सिक्लिड सगळ्यात शेवटी. रॅमच्या बाबतीत मी काही महिने थांबते, कारण नव्या टँकमध्ये माशांच्या घाणीतून साठणारा विषारी अमोनिया आणि नायट्राइट त्याला अजिबात सोसत नाही. मासा त्यानं जातो आणि दोष सोबत्यांवर येतो. बाटलीतले बॅक्टेरिया टाकून दुसऱ्या दिवशी रॅम सोडणाऱ्यांना मी आता समजावत बसत नाही, अमोनियाची चाचणी करून आकडा सांगा म्हणते.

नंतर मासे घालावेच लागले तर दिवा बंद करून, लाकूड-दगडांची जागा बदलून घाला. हद्दी मोडतात आणि सगळ्यांची सुरुवात नव्यानं होते. अंडी असताना मात्र यातलं काही करू नका.

भांडण सुरू झालंच असेल तर

मार खाणारा मासा बाहेर काढा. पर मिटून, पाण्याच्या पृष्ठभागाशी कोपऱ्यात उभा असलेला मासा "जुळवून घेतोय" असं नसतं, तो हरलेला असतो. लहान टँकमध्ये हा मासा अपिस्टोचा नरही असू शकतो. पिल्लांवरची मादी त्याला ठार करू शकते, त्यामुळे तो आकारानं दुप्पट आहे म्हणून निश्चिंत राहू नका. जाळीची आडभिंत माझ्याकडे कायम तयार असते. पिल्लं मोठी होईपर्यंत नर पलीकडच्या बाजूला राहतो.

टेट्रा पिल्लं खात असतील तर टेट्रांना दोष न देता रात्री एक अगदी मंद दिवा ठेवा. एकदम अंधार झाला की पिल्लं विखुरतात आणि मादीला ती गोळा करता येत नाहीत. मुख्य दिवा बंद होण्याच्या अर्धा तास आधी हा मंद दिवा लावा, तेवढ्यात ती त्यांना करवंटीत घेऊन जाते.