गावातील मंडळींना ‘काउंट ड्रॅक्युला’ कसा दाखवावा

ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ मधील, माणसांचे रक्त पिणाऱ्या एका सरदाराच्या (काउंटच्या) ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीची पडद्यावर अनेक रूपांतरे झाली आहेत. मूळ कथानकाशी बऱ्यापैकी इमान राखणारे दूरचित्रवाणी रूपांतर हवे असल्यास बीबीसीने २२ डिसेंबर १९७७ रोजी प्रसारित केलेले ‘काउंट ड्रॅक्युला’ निवडावे. फिलिप सॅव्हिल यांनी दिग्दर्शित केलेल्या या रूपांतरात लुई जूर्दां यांचा ड्रॅक्युला आरडाओरडा करत नाही. तो पाहुण्याची नीट विचारपूस करतो, आणि भीती त्या सभ्यपणातूनच उत्पन्न होते. २०२० ची क्लेस बँग यांची तीन भागांची मालिका चतुर आहे, परंतु ती मूळ कथेशी खेळते आणि मूळ कथा ठाऊक नसलेल्याला तो खेळ कळत नाही, म्हणून ती नंतरसाठी राखून ठेवावी.

पूर्व विदर्भात यासाठी धानाची कापणी आणि चुरणी आटोपल्यानंतरचे दिवस सोयीचे असतात. मात्र त्याच काळात झाडीपट्टीची नाटकेही सुरू असतात, तेव्हा शेजारच्या गावात मंडई (गावजत्रा) किंवा नाटक नाही, याची आधी खात्री करून घ्यावी. रात्रभर नाटक पाहणाऱ्या या प्रेक्षकाला कथेचा संथपणा जड जाईल, अशी चिंता करण्याचे कारण नाही.

कादंबरी हक्कमुक्त आहे, त्यामुळे तिचे जाहीर वाचन कोणीही करू शकतो. दूरचित्रवाणीवरील रूपांतराचे मात्र तसे नाही. घरी पाहण्यासाठी घेतलेली डीव्हीडी वाचनालयात किंवा समाजमंदिरात जाहीरपणे लावायची असेल, तर हक्कधारकाची परवानगी लागते. ती नसल्यास एखाद्याच्या घरी, ओळखीच्या मोजक्या मंडळींनी बसून पाहावे.

वीज केव्हाही जाऊ शकते, हे गृहीत धरून लॅपटॉप पूर्ण चार्ज करावा आणि टीव्ही इन्व्हर्टरवर ठेवावा. आवाजासाठी वेगळा स्पीकर घेऊन तो प्रेक्षकांच्या जवळ मांडावा, कारण अनेक संवाद हळू आवाजात आहेत. चित्र जुन्या, चौकोनाकडे झुकणाऱ्या आकाराचे आहे. ते ओढून रुंद पडदा भरू नये, अन्यथा माणसांचे चेहरे फुगलेले दिसतात. खोलीतील प्रसंग व्हिडिओ टेपवर आणि बाहेरचे फिल्मवर चित्रित केलेले असल्याने दृश्याचा पोत मध्येच बदलतो. ही गोष्ट आरंभीच सांगून टाकावी. न सांगितल्यास तरुण मुले त्यालाच हसत बसतात.

खरी तयारी लागते ती भाषेची. संवाद इंग्रजीत आहेत आणि दृश्य चालू असताना कोणी मोठ्याने भाषांतर करू लागले, तर शांतता मोडते आणि तिच्याबरोबर भीतीही जाते. त्याऐवजी सुमारे अडीच तासांच्या या रूपांतराचे कथेच्या ओघाने तीन भाग करावेत: तरुण इंग्रज वकील हार्करचा ड्रॅक्युलाच्या किल्ल्यातील मुक्काम, ल्यूसी या तरुणीचे आजारपण व मृत्यू, आणि ड्रॅक्युलाचा शेवटचा पाठलाग. प्रत्येक भागाआधी गावातील एखाद्या चांगल्या वाचणाऱ्याने पुढे काय घडणार, हे आपल्या बोलीत दहा मिनिटे सांगावे, परंतु प्रसंगाचा शेवट सांगू नये. कादंबरी रोजनिशा, पत्रे, तारा आणि वृत्तपत्रांतील कात्रणे यांतून उलगडत असल्याने तिचे उतारे मोठ्याने वाचायला उत्तम आहेत. पहिल्या भागाआधी दुसऱ्या प्रकरणातील दाढीच्या आरशाचा प्रसंग घ्यावा. दुसऱ्या भागाआधी सातव्या प्रकरणातील, ड्रॅक्युलाला इंग्लंडला आणणाऱ्या ‘डिमीटर’ जहाजाची नोंदवही मराठीत करून वाचावी. खलाशी एकेक करून नाहीसे होतात आणि कप्तान कोरड्या शब्दांत त्याची नोंद करत राहतो. माझ्या मते संपूर्ण कादंबरीत यापेक्षा भयंकर काही नाही. इंग्लंडमधील व्हिटबीच्या किनाऱ्यावर १८८५ मध्ये ‘दिमित्री’ नावाचे रशियन जहाज खरोखरच आदळले होते आणि १८९० मध्ये तेथे राहिलेल्या स्टोकर यांना ते ठाऊक झाले होते, हेही वाचनानंतर सांगावे.

पात्रांची नावे मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावावीत. मूळ पुस्तक वाचलेल्यांचा गोंधळ येथेच होतो, कारण या रूपांतरात हार्करची वाग्दत्त वधू मीना आणि ल्यूसी मैत्रिणी नसून बहिणी आहेत, तर ल्यूसीला मागणी घालणारे आर्थर होमवुड आणि क्विन्सी मॉरिस या दोघांचे मिळून एकच पात्र केले आहे.

लहान मुलांना बसवू नये; किल्ल्यातील तीन स्त्रिया आणि तान्ह्या बाळाचा प्रसंग मोठ्यांनाही सोसत नाही. करणी आणि जादूटोण्याच्या संशयावरून माणसांचा छळ झालेल्या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते: गावातील एखाद्या बाईची पडद्यावरील स्त्रीशी तुलना करणारी थट्टा कोणी केल्यास ती तेथल्या तेथे थांबवावी.

तिसरा भाग संपल्यावर दिवे लावून कादंबरीचे शेवटचे प्रकरण वाचावे. तेथे ड्रॅक्युलाचा अंत सूर्यास्ताच्या क्षणी दोन सुऱ्यांनी होतो, अशा कथांत नेहमी असते तशा छातीत ठोकलेल्या लाकडी खुंटीने नव्हे. रूपांतरकाराने त्या प्रसंगाचे काय केले आणि का केले असावे, यावर मंडळींना बोलू द्यावे.