वॉलपेपर काढायला घेण्याआधी

सगळ्यात आधी दिवस ठरवा. हे काम पावसाळ्यात काढू नका, आणि दिवाळी तोंडावर आल्यावर तर नकोच. कागद एका दिवसात उतरतो, पण भिंत वाळायला कोरड्या हवेतही दोन-तीन दिवस लागतात. ओल्या भिंतीवर घाईने प्रायमर मारला की रंगाचे पापुद्रे सुटायला लागतात.

मग भिंत कशाची आहे ते शोधा. जुन्या इमारतींत बहुधा सिमेंटचा गिलावा असतो, त्यावर पुट्टी. नव्या फ्लॅटमध्ये पुष्कळदा थेट जिप्समचा पांढरा गिलावा. सिमेंटचा गिलावा पाणी सोसतो, जिप्सम सोसत नाही. भिजलं की मऊ पडतं. खरी अडचण हीच आहे. खळ सुटायला पाणी लागतं आणि त्याच पाण्याने भिंत बिघडते. आमच्या हॉलची भिंत कारागिराने बादलीत स्पंज बुडवून बुडवून अक्षरशः न्हाऊ घातली. अर्ध्या तासाने कागद सुरेख निघाला, पण त्याच्या पाठीला पुट्टीची पांढरी साय चिकटून आली. स्विचबोर्डाच्या खाली हात फिरवला तर बोटांना भिजवलेल्या पिठासारखा लगदा लागला. ती भिंत पुन्हा सपाट करायला कागद काढण्यापेक्षा जास्त दिवस गेले. म्हणून सांगते, कारागीर कितीही अनुभवी असला तरी आपली भिंत कशाची आहे हे त्याला आधी सांगा आणि पाणी किती मारायचं तेही आपणच ठरवा.

कपाटामागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी पंजाएवढा तुकडा कोरडाच ओढून बघा. ही दहा मिनिटं कधीही वाचवू नका, कारण पुढची सगळी तयारी यावरच ठरते. अख्खा कागद एकसंध निघाला तर तो नॉन-वोव्हन, म्हणजे न विणता तंतू दाबून केलेला आहे. पाण्याची गरजच नाही. वरची प्लास्टिकची कातडी निघाली आणि खाली पांढुरका कागद राहिला तर व्हिनाइल. त्याची वरची कातडी आधी सगळ्या भिंतीवरून कोरडी उतरवायची, कारण तिच्यातून पाणी आत शिरत नाही. मागे चिकट, रबरासारखा गोंद राहिला तर तो स्वतःचा गोंद असलेला स्टिकर. तिथे पाणी मारून उपयोग नाही, हेअर ड्रायरची ऊब देत हळूहळू ओढावा लागतो. आणि कागदाच्या पाठीवर पांढरी पूड आली तर भिंतच कच्ची आहे असं समजा व नव्या पुट्टीचा खर्च आत्ताच हिशेबात धरा. ओढताना कागद स्वतःकडे खेचू नका, भिंतीला जवळजवळ चिकटून खाली दुमडत न्या.

त्याच वेळी बोटाच्या पेराने सगळी भिंत ठोकून ऐका. जिथे बद्द आवाज येतो तिथे गिलावा सुटलाय, तिथे पेन्सिलीने खूण करा. बाथरूमच्या सामाईक भिंतीवर काळे डाग किंवा लोणा, म्हणजे ओलीने फुटलेला पांढरा क्षार दिसला तर आधी गळती बंद करा, कागदाचं नंतर बघू.

सामान फार नाही. झाडांना फवारणी करायचा दीड-दोन लिटरचा पंप, कोमट पाणी, त्यात झाकणभर कपड्यांचं कंडिशनर, दोन बादल्या, स्पंज, जुनी सुती फडकी. पेंटरचा चार इंची पत्रा घ्या, पण त्याचे दोन्ही कोपरे कानशीने गोल करून घ्या. भिंतीवरचे ओरखडे या कोपऱ्यांनीच पडतात. वाफेचं मशीन कुणी देऊ केलं तरी जिप्समसाठी नको. पंपाने दोन-तीन फुटांचा पट्टा फक्त ओलसर करायचा, ओघळ येता कामा नये. मग दहा मिनिटं थांबायचं आणि पत्रा आडवा धरून कागद उचलायचा. नेहमीचा रोल ५७ चौरस फुटांचा असतो, त्यावरून तुमच्या भिंतीवर किती रोल लागलेत आणि किती वेळ जाईल याचा अंदाज बांधा.

जमिनीवर प्लास्टिक, त्यावर जुनी चादर, कडेने मास्किंग टेप. त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मीटरच्या पेटीतला वीज तोडणारा स्विच, बंद करा, टेस्टर लावून खात्री करा, आणि मगच स्विचबोर्डाच्या प्लेटा सैल करा. कागद त्यांच्या खाली गेलेला असतो. हेअर ड्रायर लागणार असेल तर दुसऱ्या खोलीतून वायर आणा, आणि पाणी मारत असताना तो हातात नको.

घर जुनं असेल आणि कागदाखाली ऑइल पेंट निघाला तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. घरात लहान मूल असेल तर ही धूळ उडूच देऊ नका.

यादीत टिंक्चर आयोडीनची छोटी बाटलीही लिहून ठेवा. भिंत दोन-तीनदा पुसून झाल्यावर शेवटच्या फडक्यातलं पाणी पांढऱ्या बशीत पिळा आणि एक थेंब टाका. निळं-काळं झालं तर पिठाची खळ अजून भिंतीवर आहे, पुन्हा पुसा. तयार गोंदाचा यात रंग बदलेलच असं नाही. तिथे ओलं बोट फिरवून बुळबुळीत लागतंय का ते बघा. बादलीतलं पाणी जाळीतून गाळल्याशिवाय मोरीत ओतू नका, आणि या परीक्षेत भिंत पास होऊन खडखडीत वाळेपर्यंत प्रायमरचा डबा उघडू नका.