धोतर सुटलं, मिशी निघाली: हौशी नाटकात ऐन प्रयोगात काय करायचं

एका स्पर्धेत आबासाहेबांची भूमिका करणाऱ्या आमच्या नटाचा कासोटा दुसऱ्या अंकात निघाला आणि मागे शेपटीसारखा लोंबायला लागला. प्रेक्षक हसले ते परवडलं. पण तो नट स्वतःच हसला, आणि पुढची दहा मिनिटं हातची गेली. (राज्य नाट्य स्पर्धा १९५४ साली सुरू झाली, सुटलेल्या धोतरांची परंपरा त्याहून जुनी असणार.) तेव्हापासून आमच्या तालमीत एकच नियम आहे: बिघडलेली वस्तू नटाची नाही, पात्राची. धोतर आबासाहेबांचं सुटलंय ना? मग आबासाहेब बायकोवर डाफरतील, "कसलं हे कांजी केलेलं धोतर, कमरेवर ठरत नाही!" आणि भिंतीकडे पाठ करून खोचतील.

पण आधी ते सुटूच नये याची तयारी. कपडेपट, म्हणजे नाटकाचे पोशाख, प्रयोगाच्या दिवशी दुपारी येतो, हे निम्म्या भानगडींचं मूळ. निदान धोतर, नऊवारी, फेटा आणि चपला शेवटच्या चार तालमींना अंगावर हव्यातच. धोतराखाली आखूड विजार घाला, कमरेला नाडी आवळून बांधा, निऱ्या आणि कासोटा तिच्यात खोचा आणि सेफ्टी पिन नाडीसकट कापडातून घाला. नुसत्या कापडाला लावलेली पिन कापडाबरोबरच खाली येते. मग खाली बसा, उठा, वाकून पाया पडा. शिवलेल्या नऊवारीला वेल्क्रो असेल तर हूक लावून घ्या. शांत प्रसंगात वेल्क्रोचा फर्रकन आवाज कॉलर माइक नेमका पकडतो.

मिशीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे घाई नडते. दाढी सकाळीच उरका. ताज्या दाढीवर स्पिरिट गम (मिशी चिकटवायचा डिंक) झोंबतो. वरचा ओठ धुऊन कोरडा करा, त्यावर क्रीम नको. गम लावल्या लावल्या मिशी ठेवू नका. बोट टेकवल्यावर चिकट लागेपर्यंत थांबा, मग मिशी ठेवून ओलसर फडक्यानं दाबा. रंगमंचावर एक टोक सुटलंच, तर पीळ देण्याच्या निमित्तानं ते बोटानं दाबून धरा. पूर्ण निघाली तर मुठीत घ्या, खिशात टाका आणि संवाद म्हणत राहा. पुन्हा चिकटवायला जाऊ नका. बिनमिशीच्या माणसाची प्रेक्षकांना लवकर सवय होते, मिशी लावत बसलेल्या माणसाची होत नाही. समोरच्या नटानं मात्र त्या ओठाकडे बघायचं नाही. हे सगळ्यात अवघड, म्हणून तालमीत एकदा मुद्दाम मिशी काढून प्रवेश करून बघा.

विंगेत (रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड) एक टेबल लावा, त्यावर वर्तमानपत्र पसरा आणि चष्मा, पत्र, किल्ली, काठी अशा प्रत्येक वस्तूची जागा स्केचपेननं आखून ठेवा. रिकामी चौकट दिसली की वस्तू हरवल्याचं एन्ट्रीआधीच कळतं. शेजारी एक डबा: पिना, काळा आणि पांढरा दोरा ओवलेल्या दोन सुया, नाडी, गम, चिकटपट्टी, टॉर्च. सुया ओवलेल्याच हव्यात. अंधारात दोरा ओवून बघा, म्हणजे कळेल.

रंगमंचावर वस्तू पडली तर ज्याचं वाक्य चालू आहे त्यानं वाकायचं नाही. ज्याला त्या क्षणी वाक्य नाही, त्यानं उचलायची. फोनची बेल वाजली नाही तर खुशाल नंबर फिरवा, "मीच करतो त्याला" म्हणा. रिसीव्हर उचलल्यावरही बेल वाजत राहिली तर तो परत ठेवा आणि पुन्हा उचला. दार अडकलं तर एकदाच ओढा. दुसऱ्यांदा ओढलंत की सगळा फ्लॅट (सेटची उभी भिंत) हलतो आणि वाडा प्लायवूडचा असल्याचं शेवटच्या रांगेलाही दिसतं. आतल्यानं "मागच्या दारानं ये रे" म्हणावं आणि बाहेरच्यानं विंग बदलावी. कॉलर माइक मेला तर फूट माइकच्या (रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेल्या माइकच्या) जवळ या आणि आवाज उचला.

काच फुटली तर मात्र चतुराई बाजूला ठेवा. आमच्याकडे एकदा कपबशी फुटली, दोघं जण अनवाणी होते. बॅकस्टेजचा मुलगा डोक्याला पंचा गुंडाळून, झाडू-सुपली घेऊन गडी म्हणून आत गेला, झाडलं आणि "बाईसाहेब, जरा जपून" म्हणत बाहेर आला. असा कोणी हाताशी नसेल तर ब्लॅकआउट घ्या, पडदा टाका. ठिणगी, वायर जळल्याचा वास किंवा कलणारा सेट दिसला तर कोणाला न विचारता प्रयोग थांबवा. वीज गेली तर जागचं हलू नका, संवाद चालू ठेवा. अंधारात धावणारा नट लेव्हलवरून (सेटमधल्या उंच चौथऱ्यावरून) पडतो.

प्रयोग संपला की मेकअप उतरवण्याआधी काय तुटलं, काय उसवलं ते वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी कपडेपट परत जातो, आणि हूक कुठल्या ब्लाउजचा तुटला होता ते कोणालाच सांगता येत नाही.