झाडीपट्टीच्या नाटकात उतरायचंय? नाचासोबत दम कमवा

धान निघालं, दिवाळी झाली, मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागल्या की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो; होळीच्या आसपास ओसरतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा त्याचा मुलूख, आणि कंपन्यांचं ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. काम मागायला दिवाळीपर्यंत थांबू नका, तोवर संच ठरलेले असतात. मुंबईची पायरी म्हणूनही येऊ नका. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती इथल्याच रंगभूमीवरच्या कामासाठी.

नाचता येणाऱ्या नवख्या मुलीला आधी लावणीवर घेतात. टिकते ती मात्र बोलणारी. लावणी संपताच प्रवेश असला आणि धाप लागलेली असली, तर वाक्याचा शेवटचा शब्द गिळला जातो, आणि विनोद नेमका तिथेच असतो. म्हणून चार मिनिटं पूर्ण जोरात नाचून लगेच पानभर संवाद मोठ्यानं म्हणायची सवय लावा. जिथे दम तुटला तिथे पेन्सिलीने खूण करा. दुसऱ्या खेपेला श्वास त्याच्या एक-दोन शब्द आधी, नाकाने घ्या. पौषातल्या थंडीत तोंडाने हवा ओढली की पहाटेच्या अंकापर्यंत घसा बसलाच.

सुरुवातीला एका पायात ५० घुंगरू पुरेत. जाड सुती दोरीत ओवा, दर घुंगराला गाठ मारा. नाहीतर एक सुटला की सगळे घरंगळतात. खाली सुती पट्टी गुंडाळा, घोटा सोलत नाही. माइक वर टांगलेले असतात, तरी घुंगरांची छमछम त्यात शिरते. दुसरं पात्र बोलत असताना पाय हलला तर त्याचं वाक्य तुम्ही मारलंत. (जुने नट याचा राग फार दिवस धरतात.) संवादाच्या प्रवेशाआधी घुंगरू सोडूनच जा.

विंगेतून वाक्य सुचवणारा प्रॉम्प्टर असतो, पण त्याचं पूर्ण वाक्य ऐकत उभं राहिलात तर प्रेक्षकालाही तो ऐकू येतो. पहिले दोन शब्द उचला आणि सुटा. त्यासाठी आपल्या आधीच्या पात्राचं शेवटचं वाक्य पाठ हवं.

वन्समोर आला तर कोणत्या कडव्यावर परतायचं ते ढोलकीवाल्याशी आधीच ठरवा. धुमाळी हा ताल ८ मात्रांचा. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकली तर पुढच्या समेची वाट बघा, मधेच घुसू नका.

पैसा नाइटवर, म्हणजे प्रयोगागणिक, ठरतो. बक्षिसात वाटा किती, पाऊस आला आणि प्रयोग पडला तर काय, जेवण-गाडी कोणाची, हे वहीत लिहून घ्या, सही घ्या, मगच तालमीला बसा.