1989ची गिनी घ्यायला निघण्यापूर्वी

इंग्लंडचा राजा सातव्या हेन्रीने 1489 मध्ये पहिली सॉव्हरिन काढली. तिच्या 500 वर्षांनिमित्त रॉयल मिंटने, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीने, 1989 या एकाच वर्षी वेगळा छाप काढला. सॉव्हरिन म्हणजे आपल्या सराफ्यातली गिनी, पण या गिनीवर नेहमीचा घोडेस्वार नाही. पुढे सिंहासनावर समोर तोंड करून बसलेली दुसरी एलिझाबेथ राणी, मागे हेन्रीच्या ट्यूडर घराण्याच्या गुलाबावर मुकुट असलेली ढाल. ओळखीचा सराफही तिला खोटी म्हणू शकतो, तेव्हा दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो छापून जवळ ठेवा.

नाण्यावर दर्शनी किंमत नाही, आणि अर्धी, पूर्ण, दुहेरी, पाच पौंडी अशा चारही नाण्यांवर हाच छाप आहे. नुसत्या फोटोत अर्धी गिनी पूर्ण म्हणून सहज खपते. विक्रेत्याकडून आधीच काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो मागवा. पूर्ण गिनी 7.98 ग्रॅम, व्यास 22.05 मिमी, अर्धी 3.99 ग्रॅम, 19.30 मिमी.

पिशवीत 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, तो तपासायला प्रमाणित वजन, दहापट भिंग, नायट्राइलचे हातमोजे आणि व्यास मोजायला प्लास्टिकचा व्हर्नियर घ्या. स्टीलचा नको. ही गिनी फक्त प्रूफमध्ये, म्हणजे संग्राहकांसाठीच्या खास चकचकीत छापात, निघाली. तिच्या आरशासारख्या पृष्ठभागावर जबड्याचा एक ओरखडा पडला तरी संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. नाणं कडेनेच धरायचं, खाली मऊ कापड अंथरून.

भिंगातून सर्वांत जास्त वेळ काठावर घालवा, विशेषतः घड्याळातल्या बाराच्या जागी. तिथे डाग दिल्याची (सांधा जोडल्याची) खूण किंवा कानस फिरलेली दिसली तर गिनी कधीतरी पेंडंटमध्ये बसली होती. अशी सोन्याच्या भावाने मिळाली तर घ्या, एरवी सोडा. अक्षरांच्या कडा गोलसर आणि मधल्या कोऱ्या भागात बारीक खड्डे असतील तर ओतीव नक्कल समजा. लोहचुंबकावर विसंबू नका, तांबं आणि चांदीही त्याला चिकटत नाहीत.

सराफाला ती कसोटीच्या दगडावर घासू देऊच नका. कॅरेट मशीनवर 91.6 टक्क्यांच्या आसपास आकडा यायला हवा. मशीन वरचाच थर वाचतं, म्हणून वजन आणि व्यासही जुळायलाच हवेत.

भाव करताना शुद्ध सोनं 7.32 ग्रॅम धरा आणि त्यावरची रक्कम वेगळी मोजा. डबी आणि प्रमाणपत्रासाठी थोडे जास्त द्यायला हरकत नाही, पण प्रमाणपत्रावरचा क्रमांक नाण्यावर नसतो. कागद एकाचा आणि गिनी दुसरीच, असंही होतं. बिलात वर्ष, वजन आणि ‘प्रूफ’ हा शब्द लिहून घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत चालत नाही.

घरी 22 मिमीची अॅक्रिलिक कॅप्सूल आणि सिलिका जेलची पुडी आणून ठेवा. पीव्हीसीचे मऊ पाऊच टाळा, कालांतराने त्यातून चिकट थर सुटतो. मिश्रणातल्या तांब्यामुळे पुढे लालसर ठिपका उमटला तर तो तसाच राहू द्या, पॉलिश लावू नका.