टेनोफोरांच्या चिकटपेशींचा अभ्यास: नवागतांसाठी अनुभवाचे काही बोल

मुंबईत प्राणिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेताना जे सागरी प्लवकांचा (पाण्यासोबत वाहत राहणाऱ्या जीवांचा) विषय निवडतात, त्यांच्या हाती टेनोफोर हा जेलीसारखा पारदर्शक सागरी प्राणी बहुधा प्रथम फॉर्मलिनच्या बाटलीतून येतो, आणि तोवर त्याचा आकारहीन गोळा झालेला असतो. अशा नमुन्यावरून त्याची शिकार कशी चालते हे कळत नाही. त्यासाठी प्लुरोब्रॅकिया हा टेनोफोर जिवंतच पाहावा, असे माझे ठाम मत आहे.

प्लवकजाळ्याच्या ओढीने हे नाजूक शरीर फाटते. म्हणून होडीतून, पाणी संथ असताना, रुंद तोंडाच्या भांड्याने ते अलगद उचलावे आणि त्याच ठिकाणच्या गाळलेल्या पाण्यात ठेवावे. मागे काळा कागद धरून बाजूने प्रकाश टाकला की दोन लांब संस्पर्शक (भक्ष्य पकडणारे धाग्यासारखे अवयव) आणि त्यांना फुटलेले बारीक उपतंतू स्पष्ट दिसतात. (पक्ष्माभिकांच्या, म्हणजे पोहण्यासाठी हलणाऱ्या सूक्ष्म केसांच्या, आठ पट्ट्यांवर चमकणारे रंग हा प्रकाशाच्या विवर्तनाचा परिणाम असतो, त्याला जीवदीप्ती, म्हणजे प्राण्याने स्वतः निर्माण केलेला प्रकाश, समजू नये.)

आता भांड्यात कोपेपॉड (कोळंबीच्या वर्गातले अतिसूक्ष्म प्राणी) सोडावेत. प्राणी त्यांचा पाठलाग करत नाही. कोळी मच्छीमारांच्या प्रवाहात एका जागी लावलेल्या डोल जाळ्याप्रमाणे संस्पर्शक पसरून भक्ष्याची वाट पाहतो. उपतंतूंवर कोलोब्लास्ट नावाच्या चिकटपेशी दाटीने बसलेल्या असतात. प्रत्येकीचा घुमटाकार माथा चिकट कणांनी भरलेला असून सर्पिल तंतूमुळे तो संस्पर्शकाशी जोडलेला राहतो. कोपेपॉडाचा स्पर्श होताच कण फुटून चिकट द्रव्य बाहेर पडते आणि भक्ष्य अडकते. मग संस्पर्शक आखडतो, प्राणी गिरकी घेतो आणि भक्ष्य तोंडाला लागते. वापरलेली पेशी पुन्हा कामी येत नाही. तिच्या जागी नवी तयार होते.

येथे दंश नाही, विष टोचणे नाही. तोंडी परीक्षेत टेनोफोर आणि निडारिया (जेलीफिशसारख्या, दंशपेशी असलेल्या प्राण्यांचा संघ) यांतील फरक विचारला, तर केवळ व्याख्या न सांगता ही प्रक्रिया सांगावी. मात्र हेकेलिया रुब्रा या टेनोफोर जातीत दंशपेशी आढळतात. त्या तिने खाल्लेल्या जलमेडुसांकडून (निडारियातील लहान जेलीफिशसारख्या प्राण्यांकडून) मिळवलेल्या असतात. बेरोई या टेनोफोराला तर संस्पर्शकच नसतात, आणि तो इतर टेनोफोरांना मोठ्या तोंडाने गिळतो.

सूक्ष्मदर्शकासाठी उपतंतूचा लहान तुकडा समुद्राच्याच पाण्यात ठेवून आच्छादन काच दाब न देता ठेवावी, आणि आकृती लगेच काढून घ्यावी, कारण दाबाखाली चिकटपेशींचे हे माथे थोड्याच वेळात फुटू लागतात.